वाघिणीचा रंग आणि काळाचे डाग : जालना मार्गावरील मालवाहतुकीचा इतिहास व लघुप्रतिकृतींची साक्ष

प्रस्तावना

रेल्वेच्या इतिहासलेखनात इंजिनाला जो मान मिळाला तो मालडब्याला कधीच मिळाला नाही. इंजिनांना नावे असतात, त्यांची छायाचित्रे निघतात, निवृत्तीनंतर ती स्थानकाबाहेरच्या चौथऱ्यावर विराजमान होतात. मालडब्याला केवळ क्रमांक असतो, आणि उपयोग संपला की तो तोडून भंगारात विकला जातो. 'वॅगन' या परकीय शब्दाची मराठीने 'वाघीण' करून घेतली. भाषेने या वस्तूला जेवढी आपुलकी दाखविली तेवढीही इतिहासकारांनी दाखविली नाही. वास्तविक मराठवाड्याच्या आर्थिक इतिहासात कापसाच्या गाठी, धान्याची पोती, खत, सिमेंट आणि लोखंड यांनी जो प्रवास केला तो या वाघिणींच्याच पोटातून. त्यांच्या अंगावरील रंग, अक्षरे, गंज आणि धूळ यांत त्या प्रवासाची नोंद होत असते. ही नोंद वाचण्याची एक शिस्त रेल्वेच्या लघुप्रतिकृती तयार करणाऱ्या छंदी मंडळींनी विकसित केली आहे. नव्या कोऱ्या प्रतिकृतीला वर्षानुवर्षे वापरात असलेल्या वाहनाचे रूप देण्याच्या त्यांच्या प्रक्रियेस 'वेदरिंग' म्हणतात; येथे तिच्यासाठी 'जीर्णरंगकाम' हा शब्द योजिला आहे. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या लोहमार्गावरील वाघिणी व कंटेनर यांच्या संदर्भात या शिस्तीचा इतिहासाच्या अभ्यासकाला काय उपयोग होऊ शकतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

मीटरगेजची नव्वद वर्षे

मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी व्हॅली मार्ग इ. स. १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीने तो बांधला. सुमारे ३९१ मैल लांबीच्या या मार्गाने औरंगाबाद, बदनापूर, जालना, परतूर, परभणी, नांदेड अशी गोदावरी खोऱ्यातील बाजारगावे एका दोरीत ओवली. 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण ज्या व्यापारी समृद्धीची आठवण ठेवते, तिला रेल्वेने नवे बळ दिले. सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने रेल्वेच्या आधाराने वाढले.

परंतु या मार्गाची एक जन्मजात अडचण होती. तो मीटरगेज होता, तर मनमाडहून मुंबईकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग ब्रॉडगेज होता. रुळांतील अंतर एकीकडे १००० मिलिमीटर, दुसरीकडे १६७६ मिलिमीटर. जालन्यात वाघिणीत चढविलेली कापसाची गाठ मनमाडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरल्याशिवाय मुंबईस पोहोचू शकत नसे. या चढउतारात वेळ जाई, माल खराब होई, चोरी होई. हमालांच्या कैक पिढ्यांचे पोटही मात्र त्यावरच भरले. मराठवाड्याच्या विकासविषयक मागण्यांत रुंदीकरणाची मागणी इतकी वर्षे अग्रभागी का राहिली, याचे उत्तर मनमाडच्या या फलाटावर सापडते. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हे रुंदीकरण झाले आणि जालन्याची वाघीण थेट मुंबईच्या वाटेला लागली.

या नव्वद वर्षांत मार्गाचे धनी अनेकदा बदलले. १९३० मध्ये निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, ५ नोव्हेंबर १९५१ रोजी, ही रेल्वे नव्याने स्थापन झालेल्या मध्य रेल्वेत समाविष्ट झाली. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे अस्तित्वात आली आणि मार्ग तिच्याकडे गेला. २००३ मध्ये नांदेड विभाग निर्माण झाला. प्रशासनाच्या दृष्टीने हे कागदोपत्री बदल होत. वाघिणीच्या दृष्टीने मात्र प्रत्येक मालकी बदल म्हणजे अंगावरील आद्याक्षरे पुसून नवी रंगविणे होय. जुन्या अक्षरांवर नवा रंग फासला तरी ऊनपावसाने वरचा थर विरळ झाला की आतली अक्षरे पुसट दिसू लागतात. खोडून पुन्हा लिहिलेल्या जुन्या पोथीच्या पानासारखाच हा प्रकार आहे, आणि राजकीय स्थित्यंतराचा इतका अनलंकृत पुरावा अन्यत्र क्वचितच मिळतो.

गेरू, शेंदूर आणि छायाचित्राची फसवणूक

मालडब्यांचा परिचित तांबूस-तपकिरी रंग कोणा चित्रकाराच्या आवडीतून आलेला नाही. तो लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे मूलतः गेरूचाच रंग आहे. हे रंगद्रव्य स्वस्त, टिकाऊ आणि उन्हात सहसा न विटणारे असते. लोखंडाच्या गंजावर गंजाच्याच रंगाचा लेप द्यावा, यात एक व्यवहारी शहाणपण आहे: डाग पडला तरी तो चटकन उठून दिसत नाही. अस्तराच्या थरासाठी पूर्वी लोखंडी कामात सर्रास वापरला जाणारा 'रेड लेड' म्हणजे शिशाचा शेंदूर होय. ज्या शेंदराने खेड्यातील मारुती रंगतो त्याच द्रव्याने पूल आणि वाघिणी गंजापासून राखल्या गेल्या. मराठवाड्याच्या अभ्यासकाला हे रंग परके वाटण्याचे कारण नाही. जालन्यापासून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या लेण्यांतही गेरूचा वापर विपुल आहे.

तथापि जुन्या वाघिणींचा रंग छायाचित्रांवरून ठरवू पाहणाऱ्याची मोठी फसगत होते. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचपट्ट्या तांबड्या प्रकाशाला जवळजवळ संवेदनशून्य होत्या. त्यामुळे तांबडी वस्तू छायाचित्रात काळपट उमटे आणि निळे आकाश पांढरे फटक दिसे. अशा छायाचित्रात गडद दिसणारी वाघीण काळी होती की तांबडी, हे केवळ चित्रावरून सांगता येत नाही. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वाघिणी तांबड्याच्या करड्या केव्हा झाल्या, यावर तेथील रेल्वे-इतिहासकार आणि प्रतिकृतिकार यांच्यात दीर्घकाळ वाद चालला आहे. बाहेरून पाहणाऱ्यास हा वाद हास्यास्पद वाटेल. पण त्या वादामुळेच कारखान्यांची खरेदीपत्रके, रंगाच्या पाककृती, जुन्या लाकडावरील रंगाचे थर आणि निवृत्त कामगारांच्या आठवणी धुंडाळल्या गेल्या. प्रतिकृतीवर रंगाचा एकच हात द्यावयाचा असतो, तेथे 'बहुधा तांबडा' म्हणून भागत नाही. कुंचला उचलण्यापूर्वी निर्णय करावा लागतो. लेखणीला जी संदिग्धता परवडते ती कुंचल्याला परवडत नाही, आणि येथेच या छंदाचे संशोधनमूल्य आहे.

छंदाची परंपरा

रेल्वेच्या प्रतिकृतींना प्रमाणबद्ध रुळांची चौकट मिळाली ती जर्मनीतील मार्कलिन या खेळणी बनविणाऱ्या कारखान्याने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत आपली रेल्वे मांडल्यानंतर. पुढे १:८७ हे 'एचओ' प्रमाण जगभर सर्वाधिक रूढ झाले. आरंभीच्या प्रतिकृती चकचकीत असत. त्या खेळणी म्हणूनच पाहिल्या जात. अमेरिकेतील जॉन ॲलन यांनी कॅलिफोर्नियातील आपल्या घरात उभारलेल्या रेल्वेवर मळकी, वाकलेली, गंजलेली वाहने धावती केली आणि छंदी नियतकालिकांतून ही दृष्टी सर्वत्र पसरली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले व त्यानंतर अवघ्या काही दिवसांत ती रेल्वेही आगीत नष्ट झाली. त्यांचे तंत्र मात्र टिकले.

महाराष्ट्रात या छंदाचे सार्वजनिक केंद्र म्हणजे पुण्यात कर्वे रस्त्यानजीक भाऊ जोशी यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय. १ एप्रिल १९९८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. एचओ प्रमाणातील चालत्या गाड्या, सिग्नल, पूल आणि नगररचना तेथे शाळकरी मुले व प्रौढ सारख्याच कुतूहलाने पाहतात. मराठी माणसाने केवळ हौसेपोटी उभारलेल्या संस्थांच्या परंपरेत, म्हणजे दिनकर केळकरांच्या राजा केळकर संग्रहालयाच्या पंक्तीत, या संग्रहालयाची नोंद व्हावयास हवी.

भारतीय रेल्वेची प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढे मात्र एक अंकगणिती पेच उभा राहतो. एचओ प्रमाणाचा बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचा असतो, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गावर बेतलेला आहे. आपला ब्रॉडगेज १:८७ प्रमाणात १९.३ मिलिमीटर भरतो. म्हणजे तयार रुळावर भारतीय वाघीण उभी केली की ती अरुंद पायांवर उभ्या असलेल्या धिप्पाड माणसासारखी दिसते. उलट जालन्याचा जुना मीटरगेज ११.५ मिलिमीटर येतो आणि १२ मिलिमीटरचा तयार रूळ त्यास जवळजवळ बिनचूक लागू पडतो. ज्या मार्गाने प्रत्यक्षात एवढी अडचण केली तोच प्रतिकृतीत सर्वाधिक सोयीचा ठरावा, हा योगायोग गमतीचा आहे.

जालन्याची धूळ

जीर्णरंगकामाची परदेशी पुस्तके ज्या पाककृती देतात त्या त्यांच्या हवामानाच्या असतात. ओलसर हवा, शेवाळ, कोळशाची काजळी आणि समुद्राचे खारे वारे हे त्यांचे घटक. त्या जशाच्या तशा उचलून मराठवाड्याच्या वाघिणीवर लावल्या तर ती वाघीण जालन्याची न राहता यॉर्कशायरची होते. नवशिक्यांचा सर्वांत मोठा दोष गंजाचा सोस हा आहे. जालना जिल्हा पर्जन्यछायेकडे झुकणारा, वर्षातील बहुतांश महिने कोरडा. समुद्रकाठच्या मानाने येथे लोखंडाला गंज सावकाश चढतो. येथील वाघिणीचे वय गंजापेक्षा विटलेपणात आणि धुळीत दिसते.

ही धूळ कोणती? मराठवाड्याची माती काळी हे खरे. पण ती वाळून उडते तेव्हा काळी राहत नाही, करडी-तपकिरी होते. वाघिणीच्या खालच्या चौकटीवर, चाकांच्या कण्यांजवळ आणि कडेच्या पट्ट्यांच्या वरच्या अंगावर तिचा थर बसतो. चाकांभोवतीचा निराळा तांबूस-तपकिरी थर मातीचा नव्हे, तर ब्रेकच्या ठोकळ्यांचा असतो. ओतीव लोखंडाचे ठोकळे चाकावर घासले जाऊन त्यांचा बारीक कीस उडतो व हवेने गंजून तेथेच चिकटतो. पुढे संमिश्र द्रव्याचे ठोकळे आले आणि हा थर काळसर झाला. जाणकार प्रतिकृतिकार चाकाजवळच्या एका बोटभर पट्ट्याच्या रंगावरून वाघिणीचे दशक सांगू शकतो. वाफेच्या इंजिनांच्या काळातील बंद वाघिणींची छपरे काजळीने काळवंडलेली असत. डिझेल आल्यावर छपरांचा रंग उजळला. १९७० मधील आणि १९९० मधील गाडी यांत पहिला भेद छपरावरच दाखवावा लागतो.

मालाच्या खुणा याहून बोलक्या आहेत. सिमेंट वाहिलेल्या वाघिणीच्या दारांच्या फटींत करडी, टणक खपली धरते. खत हे धातूचे वैरी. त्याचे कण जेथे ओल धरतात तेथे रंग फुगून पापुद्रे सुटतात. मीठ वाहणारी वाघीण आतून सर्वांत लवकर खचते. कोळशाच्या उघड्या वाघिणीत भरलेल्या ढिगाऱ्यावर चुन्याची निवळी शिंपडण्याची आपल्याकडील पद्धत विशेष उल्लेखनीय आहे: वाटेत कोळसा चोरला गेला तर पांढरा थर मोडून चोरी उघडी पडावी, हा हेतू. चुन्याचे ओघळ वाघिणीच्या कडेवरून खाली येत. परदेशी पुस्तकात हा ओघळ सापडणार नाही. तो रंगविणारा प्रतिकृतिकार नकळत वाहतुकीतील चोरीचा आणि तिच्यावरील देशी उपायाचा इतिहास रंगवीत असतो.

ऋतूचाही विचार करावा लागतो. वैशाखातील वाघीण धुळीने एकरंगी झालेली असते; आश्विनातील वाघीण पावसाने धुऊन निघालेली, पण उभ्या ओघळांनी रेघाटलेली असते. दोन्ही एकाच गाडीत शेजारी उभ्या केल्या तर ती चूक ठरतेच असे नाही, कारण वाघिणी देशभर फिरतात. रुंदीकरणापूर्वीही पूर्णा-हिंगोली-अकोला-खांडवा या मीटरगेज मार्गाने उत्तरेकडील वाघिणी येथवर येऊ शकत. मात्र सगळ्या वाघिणी सारख्याच मळक्या असणे ही निश्चित चूक होय. कारखान्यात ठराविक वर्षांनी होणाऱ्या मोठ्या दुरुस्तीनंतर वाघिणीवर दुरुस्तीची तारीख, कारखान्याचे संक्षिप्त नाव आणि पुढील परतीची तारीख नव्याने लिहितात. त्यामुळे विटलेल्या अंगावर एखादाच ताजा चौकोन आणि त्यातील ठसठशीत पांढरी अक्षरे असा देखावा अनेकदा दिसतो. एकविसाव्या शतकात वाघिणींना अकरा अंकी क्रमांक देण्याची पद्धत आली. त्यात प्रकार, मालक रेल्वे, निर्मितीचे वर्ष, अनुक्रम आणि शेवटी एक तपासणी अंक असतो. वाघिणीचा जन्मदाखला आता तिच्या अंगावरच वाचता येतो.

हाताने लिहिलेली अक्षरे हा यातील सर्वांत दुर्लक्षित भाग. पत्र्याचे साचे ठेवून किंवा मोकळ्या हाताने देवनागरी व रोमन अशा दोन लिप्यांत आद्याक्षरे व वजने लिहिणारे कारागीर, फलाटावर खडूने गंतव्यस्थान खरडणारे कर्मचारी, यांच्या हस्ताक्षरांचा संग्रह कोणी केलेला दिसत नाही. संगणकावर छापलेली सुबक अक्षरे प्रतिकृतीवर चिकटविली की नेमका हा मानवी अंश हरवतो.

तंत्राचे प्रमाण

प्रतिकृतीवर हे परिणाम साधण्याचे उपाय साधे आहेत. गडद रंग पुष्कळ पातळ करून फासला की तो खोबणीत उतरतो व सांधे उठून दिसतात. जवळजवळ कोरडा कुंचला कडांवरून फिरविला की उन्हाने उडालेला रंग भासतो. स्पंजाच्या तुकड्याने गंजाचे ठिपके उठविता येतात. रंगाची भुकटी ब्रशने चोळली की धूळ बसते. अडचण असते ती प्रमाणाची. १:८७ मध्ये एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे प्रत्यक्षातील ८७ मिलिमीटरची, म्हणजे जवळजवळ चार बोटांची, जखम होय. जालन्याच्या शेतातील खरी माती प्रतिकृतीवर टाकावी, ही कल्पना भावनेला सुखावणारी असली तरी एक दशांश मिलिमीटरचा मातीचा कण तेथे पावणेनऊ मिलिमीटरच्या खड्यासारखा दिसतो. माती औषधासारखी वस्त्रगाळ केल्याखेरीज उपयोगाची नाही. रंगाचेही तसेच आहे. लहान वस्तू दुरून पाहिल्यासारखी भासावी लागते आणि दुरून रंग फिकट दिसतो; म्हणून मूळ डब्यातील रंग जसाच्या तसा प्रतिकृतीवर लावला तर तो फार गडद वाटतो.

कंटेनर : गंजण्यासाठीच घडविलेले पोलाद

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' या जहाजाने अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर नेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कंटेनरच्या आकारमानाचे आंतरराष्ट्रीय मानक ठरले. भारतात १९८८ मध्ये कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. मनमाडच्या फलाटावर ज्या प्रश्नाने पिढ्यान् पिढ्या त्रास दिला त्याचे तात्त्विक उत्तर कंटेनरमध्ये होते: माल हलवू नका, पेटीच उचलून दुसऱ्या वाहनावर ठेवा. जालन्यापुरता विलक्षण भाग असा की मीटरगेजचा अंत आणि कंटेनरचा उदय या दोन्ही घटना येथे जवळजवळ एकाच पिढीने पाहिल्या. २०१५ मध्ये जिल्ह्यात ड्रायपोर्टची पायाभरणी झाली, तेव्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहराच्या शब्दसंग्रहात 'बंदर' हा शब्द आला.

जीर्णरंगकामाच्या दृष्टीने कंटेनर वाघिणीहून अगदी वेगळा आहे. तो बहुधा 'कॉर्टेन' जातीच्या पोलादाचा असतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात विकसित झालेल्या या पोलादात तांबे, क्रोमियम इत्यादींचा अल्प अंश असतो आणि त्यावर चढणारा गंजाचा पहिला थर घट्ट बसून आतील धातूचे काही अंशी रक्षण करतो. म्हणून कंटेनरवरील गंज पापुद्र्यांचा नसून डागांचा व ओघळांचा असतो. त्याची जागाही ठरलेली: छप्पर, खालची चौकट, दारांच्या कड्या आणि क्रेनची पकड जेथे आदळते ते वरचे कोपरे. नालीदार भिंतीच्या बाहेर आलेल्या धारा घासल्या जातात, खोलगट भाग सुरक्षित राहतात. वीस फुटी कंटेनर १:८७ प्रमाणात सुमारे ६९.६ मिलिमीटर लांब होतो. एवढ्या छोट्या भिंतीवर हा भेद दाखविणे चिकाटीचे काम आहे.

वाघिणी गेरूच्या एकाच छटेत नांदल्या. कंटेनर मात्र मार्स्कचा करडा, एव्हरग्रीनचा हिरवा, हापाग-लॉइडचा नारिंगी असे जगभरच्या कंपन्यांचे रंग घेऊन येतात. कंपनीने विकलेल्या पेटीवरील मोठे नाव एका हाताने रंगवून झाकलेले असते आणि ते नाव त्या थराखालून डोकावत राहते. मालकीदर्शक तीन अक्षरे, चौथे 'यू', सहा अंकी क्रमांक आणि तपासणी अंक मात्र स्पष्ट ठेवावेच लागतात. सारे अंग विटलेले पण क्रमांक ताजा, असे दृश्य त्यामुळे दिसते.

जालन्याच्या पोलाद उद्योगात भट्ट्यांसाठी लागणाऱ्या भंगाराचा काही भाग परदेशातून कंटेनरमधूनच येतो. भंगार वाहिलेला कंटेनर आतून ओळखता येतो: तळाच्या लाकडी फळ्या फाटलेल्या, भिंतींना आतून बाहेर आलेले पोचे, दाराच्या उंबरठ्यावर गंजाचा भुगा. प्रतिकृतीत बाहेरून आत गेलेला पोचा सर्वजण दाखवितात. आतून बाहेर आलेला पोचा दाखवावयाचा तर प्लास्टिकची भिंत आतल्या बाजूने हलक्या उष्णतेने मऊ करून बोथट टोकाने दाबावी लागते, आणि त्या फुगवट्याच्या माथ्यावरच रंग उडालेला दाखवावा लागतो. त्याखाली, सपाट वाघिणीच्या चौकटीवर, तांबूस भुग्याची एक बारीक रेघ; आणि तिच्यावर पुन्हा करडी-तपकिरी धूळ.